त्रेचाळिसावं घर

कुणी पाण्याचा पेला पुढे केला की ते आधी विचारायचे, “कितवं?”

नव्या माणसाला काही कळायचं नाही. मग कपाळाला आठ्या घालून ते समजावून सांगत. दवाखान्यात पाणी एक नसतं, चार असतात. उकळून झाकलेलं ते पहिलं. ते फक्त ऑपरेशनला, बाळंतपणाला आणि जखमांना. गाळून, औषध टाकून ठेवलेलं ते दुसरं, पिण्याचं आणि हात धुण्याचं. तिसऱ्यानं पेशंटचं अंग पुसायचं, कपडे धुवायचे. आणि तिसरं वापरून बादलीत जे उरतं ते चौथं, फरशीचं आणि संडासाचं. “एक थेंब जमंल तितक्या येळा कामाला लागला पाहिजे,” ते म्हणत. “मग त्याला पेन्शन.”

आम्ही सगळे त्यांना मामू म्हणायचो. नांदेडच्या जुन्या मुसलमान घराण्यातले. आजोबा पखाल पाठीवर घेऊन घरोघरी पाणी घालायचे. “दादाची पाठ कधी सुकली न्हाई,” असं ते सांगत, आणि त्यात त्यांना दुःख वाटायचं की अभिमान, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. स्वतः ते आमच्या दवाखान्याचे स्टोअरकीपर होते. कापूस, स्पिरिट, सलाईनच्या बाटल्या ही त्यांची कागदावरची नोकरी. खरी नोकरी त्यांनी स्वतःच लावून घेतली होती: आवारातला जमिनीखालचा हौद.

दवाखाना एका संस्थेचा, वीस खाटांचा, लोह्याकडून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या पदरात पहिल्यांदा पडला तो दुष्काळ. डॉक्टरबाई आणि त्यांचे यजमान, एवढे दोनच डॉक्टर. मी वीस वर्षांची, नर्सिंगचा कोर्स संपवून नांदेडहून आलेली. दवाखान्याची बोअर बंद पडली होती. गावच्या विहिरीत सरकारी टँकर ओतला जायचा आणि त्यातून गाव उपसून उरलं तर आमच्या हौदात पाण्याच्या दोन बैलगाड्या यायच्या. त्यातलं दिवसापुरतं बादल्यांनी वरच्या छोट्या टाकीत चढवलं, की ते नळाला यायचं.

रोज सकाळी मामू हौदाचं झाकण उघडून बांबूची काठी आत सोडत. काठीवर चाकूनं खाचा पाडलेल्या होत्या आणि एका खाचेला लाल दोरा बांधलेला होता. काठी वर काढली की ओल कुठपर्यंत आली ते बघायचं, बोट चाटायचं, काखेतली वही काढायची, लिहायचं, आणि मग कुणावर तरी ओरडायचं. डॉक्टरांनाही सुटका नव्हती. “साहेब, हात धुवून राहिले का नदी सोडून राहिले?” डॉक्टर हसून नळ बारीक करत, की लगेच उलटा वार: “इतकं बी बारीक नको. हात धुवायचं पाणी कमी करायचं न्हाई. आंगूळ नका करू.” डॉक्टरसाहेब त्या उन्हाळ्यात खरोखरच दोन दिवसांआड आंघोळ करत.

पेशंटला भेटायला येणाऱ्यांनी एकेक घागर भरून आणायची, हा नियमही त्यांचाच. बाहेरगावचे पाहुणे नारळ, केळी घेऊन येत. फाटकावर मामू उभे.

“काय हाय पिशवीत?”

“नारळ हाय, मामू. बहिणीला.”

“नारळात पाणी किती? पेलाभर. तुमच्या गावच्या आडाला पाणी हाय ना? जा, घागर घेऊन ये.”

“आवो, सात मैलांवरून घागर घेऊन येऊ?”

“बहीण सात मैलांवरून पोटात पोर घेऊन आली. तू घागर न्हाई आणू शकत?”

आणि लोक आणायचे! शिव्या घालत, अर्धी वाटेत सांडत, पण आणायचे. ते पाणी कुठल्या आडाचं हे माहीत नसल्यामुळे मामू ते सरळ चौथ्याच्या पिंपात ओतत. आणणाऱ्याला हे कळलं तर तो चिडायचा. “माझ्या गावचं पाणी संडासात?” मामू म्हणत, “तुझ्या गावचं पाणी संडासात गेलं म्हणून माझं पाणी तुझ्या बहिणीच्या टाक्याला मिळालं. हिशेब बरोबर हाय.”

संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या एकदा जीप घेऊन आला आणि आवारातल्या नळाला पाइप लावून ती धुवायला बसला. जीपला साबण फासून झाला, तेवढ्यात नळ आटला. मामूंनी मागच्या बाजूनं कॉक बंद केला होता. पुतण्या आरडाओरडा करत स्टोअरमध्ये आला. मामू कापसाचे गठ्ठे लावत होते. मान वर न करता म्हणाले, “आता लातूरला जा असंच. सुकलं की पुसून घ्या. लई छान दिसंल.” जीप पांढरी ठिपकेदार होऊन लातूरला गेली. गावभर हसू झालं. सेक्रेटरी हसले नाहीत, हे आम्हाला नंतर कळणार होतं.

एवढं असूनही मला मामू आवडत नव्हते. कारण एकच. त्यांनी हौदाला कुलूप लावलं होतं.

माझ्या घरात पाळण्याआधी चळवळीची पत्रकं आली असावीत. वडील रेल्वेत खलाशी. सभा असली की काखोटीला गठ्ठा मारून आणत आणि आम्ही भावंडं ती घडी करून वाटायला नेत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. माणसाला पाण्यापासून अडवणारा हात तोडून टाकला पाहिजे, हे मला बाराखडीसारखं पाठ होतं. आमच्या आजीनं गावात विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून ओतेल याची वाट बघत आयुष्य काढलं होतं. पाण्याला कुलूप म्हणजे माझ्या लेखी पाप, मग ते लावणारा सावकार असो की पखालीवाल्याचा नातू. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

“पाणी कुणाच्या बापाचं नाही, मामू.”

“हाव,” ते म्हणाले. “म्हणूनच कुलूप हाय. बापाचं असतं तर बापानं सांभाळलं असतं.”

“गरिबाला अडवायला कुलूप असतं.”

“गरीब आत खाटेवर पडून राहिला, बेटी. बाहेर उभा हाय त्याला पाय तरी हायत.”

मला हे उत्तर पटलं नाही. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच आमच्या लोकांची वस्ती होती, बेचाळीस घरांची. तिथल्या बायांना पाय होते, पण गावच्या विहिरीवर त्यांची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत पोहऱ्याला चिखल लागायचा. रोज दुपारी त्या भिंतीपाशी येऊन आमच्या हौदाकडे बघायच्या. मागायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. मला ते बघणं सहन व्हायचं नाही.

मामूंचं तेव्हा वेगळंच युद्ध चालू होतं. गावकीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर दवाखाना चालणार नाही, दवाखान्याला स्वतःचा टँकर हवा, म्हणून ते लातूरला खेटे घालत होते. ऑफिस नवं, टेबलं नवी, फायली जुन्या जिल्ह्यातून पेट्यांत भरून आलेल्या. टँकर माणशी ठरायचा: गाव किंवा वस्ती, घरं किती, लोकसंख्या किती. दवाखान्यात कुणी राहत नाही, म्हणून दवाखान्याची लोकसंख्या शून्य. शून्य माणसांना पाणीही शून्य. मामूंनी तिथल्या कारकुनाला सांगितलं, “मग आम्हाला गाव समजा. गावाचं नाव वीस खाटा.” कारकून म्हणाला, “चाचा, जन्माची नोंद कुठं आहे तुमच्या गावात?” मामू म्हणाले, “जन्मच होऊन राहिलेत रोज आमच्या गावात! दुसरं काय होतंय?” ऑफिस हसलं. कागद तसाच परत आला.

वैशाखात ते पुन्हा निघाले. दोन दिवस तिथेच बसणार होते, साहेब भेटेपर्यंत. जाताना हौदाची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मला आश्चर्य वाटलं. दवाखान्यात माझ्याहून जुनी माणसं होती.

“तू भांडतीस,” ते म्हणाले. “भांडणारा माणूस किल्ली हरवत न्हाई. लाल दोऱ्याच्या खाली जायचं न्हाई, कोणी बी येऊ दे.”

“का?”

“वहीत सगळं हाय.” एसटी आली होती. वही माझ्या काखेत सारून ते पळाले.

मी वही उघडली. सगळी उर्दूत. मामू निजामाच्या काळातल्या शाळेत शिकलेले; मराठी बोलायचे भरभरून, लिहायचे उर्दू. दोन वर्षांची ती वही दवाखान्यात दुसऱ्या कुणालाही वाचता येत नव्हती आणि ही गोष्ट आजवर कुणाच्या, खुद्द त्यांच्याही, लक्षात आली नव्हती. रस्त्यापलीकडे सायकलवाले चाचा होते, त्यांनी वाचून दाखवली असती. मी गेले नाही. खरं सांगते, कारण न देता घातलेली मनाई आमच्या घरात कुणी मानत नसे, आणि ती मोडायला मला निमित्तच हवं होतं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. गावच्या टँकरचा पाटा तुटला, विहीर कोरडी. वस्तीतल्या बाया भिंतीपाशी आल्या. पुढे धुरपतामाय, वस्तीतली सगळ्यात म्हातारी, कमरेत वाकलेली, जिभेनं सरळ.

“सिस्टर, लेकरांच्या जिभा टाळूला चिकटल्या गं.”

मी काठी टाकली. ओल लाल दोऱ्याच्या चार बोटं वर होती. मी कुलूप काढलं.

“एकेक घागर,” मी म्हणाले.

“एकच, माय. तुझ्या पायाची आण.”

एकेक म्हणता दोन दोन कधी झाल्या ते मला कळलं नाही. किंवा कळत होतं आणि मी थांबवलं नाही. मला त्या क्षणी फार मोठं वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे. शेवटची घागर निघाली तेव्हा पोहरा तळाला खरवडत होता.

सकाळी सात वाजता बैलगाडीतून कमळ आली. मजुरी करणारी, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला, नळी लावून ठोके ऐकले आणि म्हणाल्या, “ऑपरेशन. आत्ता. पहिलं पाणी किती आहे?”

हौद मी काल रिकामा केला, हे मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागावल्या नाहीत. रागवायला वेळ नव्हता. उकळलेल्या पाण्याचं एक पिंप होतं, त्यात हत्यारं निघाली असती. हात धुवायला, नंतरच्या धुण्यापुसण्याला, टाक्यांना काही नव्हतं. नांदेडला पाठवावं तर वाटेत दोघं गेली असती. मी भिंतीवरून उडी मारून वस्तीत पळाले आणि दारोदार तेच पाणी परत मागितलं. ज्या तोंडानं दिलं त्याच तोंडानं. सात घागरी परत मिळाल्या. बाकीचं पोटात गेलं होतं. धुरपतामायनं स्वतःची घागर डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, “दवाखान्याचं असं हाय हे काल का न्हाई सांगितलंस? आम्ही काय राक्षस हाय का?”

ते पाणी चार पदरी लुगड्यातून गाळलं, उकळायला ठेवलं. उकळेपर्यंत डॉक्टरबाई थांबू शकत नव्हत्या. तांब्याभर पाण्यात हात धुवून त्या आत गेल्या. मूल जगलं. कमळही टेबलावरून जिवंत उतरली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, टाके पिकले, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता रोज दोन वेळा जखम धुवायची. स्वच्छ पाणी मिळत राहिलं तर वाचेल.”

मामू ऑपरेशनच्या दुपारीच रिकाम्या हातानं परतले होते. मी सगळं सांगितलं, उभ्यानं, एका दमात. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी वही मागितली, एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. “हे बघ. कमळ. पहिलटकरीण, बुटकी, वैशाखात. असल्या बाया मी लिहून ठेवतो, आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या. लाल दोऱ्याखालचं पाणी त्यांचं.” त्यांनी वही मिटली. “तू वाचली असतीस तर उघडलं नसतंस.”

“मला उर्दू वाचता येत नाही, मामू.”

“हाव,” ते म्हणाले. “वही मी माझ्यासाठी लिहिली. दवाखान्यासाठी न्हाई लिहिली. मी मेलो असतो तर पाण्याची अक्कल बी माझ्यासंगं गेली असती.” मग वेगळ्याच आवाजात: “आणि त्या बेचाळीस घरांचं नाव वहीत कुठंच न्हाई. दोन साल मी दवाखान्याला गाव करून राहिलो. गाव भिंतीला लागून होतं.”

त्याच संध्याकाळी ते सांगायला आणि मी मराठीत लिहायला बसलो. आधी वही, आणि वहीनंतर अर्ज. वस्तीला गावापासून वेगळा टँकर मागता येतो, हे त्यांना लातूरच्या ऑफिसात बसून कळलं होतं. वस्तीला कुणी सांगितलंच नव्हतं. बेचाळीस घरं, घरागणिक माणसं. पहिला अंगठा धुरपतामायचा. आणि शेवटी मामू म्हणाले, “लिही. घर नंबर त्रेचाळीस. दवाखाना. माणसं वीस, रोज नवी.”

मी लिहिलं. या वेळी कारकून हसला नाही. नमुन्यात कुठेच चूक नव्हती. चौथ्या दिवशी टँकर आला. आधी वस्तीत नव्यानं ठेवलेल्या टाकीत, मग पाइपनं आमच्या हौदात. कमळचा ताप उतरायला लागला. जखम अजून उघडी होती.

आणि मग सेक्रेटरी आले.

भर दुपार, लातूरहून गाडीतून आलेले, घामाघूम. स्टोअरमधल्या खुर्चीत बसता बसता म्हणाले, “आधी पाणी द्या.” मी पेला आणला. ओठाला लावला आणि त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. वस्तीच्या टाकीवर बाया भरत होत्या आणि त्याच टाकीतून निघालेला पाइप आमच्या हौदात उतरत होता. पेला त्यांनी टेबलावर ठेवला. भरलेला.

“हा अर्ज कुणी लिहिला?”

“मी सांगितला,” मामू म्हणाले.

“मी लिहिला,” मी म्हणाले.

“संस्थेचा दवाखाना त्या वस्तीतलं घर म्हणून लिहिता? माझ्या वडिलांनी दिलेली जागा आहे ही. देणगीदार विचारतायत. चांगल्या घरचे पेशंट म्हणतात, आम्ही त्यांच्या टाकीचं पाणी प्यायचं का?”

“त्यांच्या म्हणजे कुणाच्या?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “नाव घेऊन सांगा ना!”

“थांब, बेटी.” मामूंनी हात आडवा धरला.

सेक्रेटरींनी अर्जाची प्रत टेबलावर पसरली, पेन काढलं. “शेवटची ओळ मी खोडतो आणि हा ऑफिसात परत देतो. संस्थेतर्फे वेगळा अर्ज जाईल.”

“खोडा, साहेब,” मामू शांतपणे म्हणाले. “वेगळा अर्ज मी दोन साल देऊन राहिलो. ओळ खोडली की टँकरचा पाइप निघतो. उद्या निघंल. मग वेगळ्या अर्जाचं काय होतं ते बघत बसू.”

दार उघडून डॉक्टरबाई आत आल्या, हात कोपरापासून ओले, वर धरलेले. त्यांनी दारामागून सगळं ऐकलं असावं. “खोडणार असाल तर खाली सही करा आणि वेळ घाला,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी आत्ताच नांदेडच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिते. आतल्या बाईचे टाके उघडे आहेत. पाणी नसेल तर तिला बैलगाडीत घालावं लागेल. वाटेत काही झालं तर चिठ्ठीला तुमची सही जोडेन.”

बाहेर टाकीवर घागर घागरीला लागल्याचा आवाज येत होता. पेनाचं टोक त्या ओळीवर टेकलं होतं. कागदावर शाईचा बारीक ठिपका पडला. मला आठवतं, मी त्या ठिपक्याकडे बघत होते. मामू मात्र सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत होते, काठी वर काढल्यावर ओल बघावी तसे.

सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. “पावसाळ्यापर्यंत,” ते म्हणाले. मामूंकडे वळून म्हणाले, “आणि तुमचं वय झालंय आता.” याचा अर्थ तिथे सगळ्यांना कळला. पावसाळ्यात तसंच झालं. संस्थेनं मामूंना घरी पाठवलं. पण तोपर्यंत कमळ मूल काखेत मारून चालत आपल्या गावी गेली होती आणि वहीवरच्या आणखी अकरा बाया मोकळ्या झाल्या होत्या.

गाडी फाटकाबाहेर गेली. टेबलावर पेला तसाच होता. मी तो भिंतीवर फेकणार होते. मामूंनी माझं मनगट धरलं, पेला सोडवून घेतला आणि सावकाश पिऊन टाकला.

“त्यानं पिलं न्हाई,” मी म्हणाले. रागानं मला रडू येत होतं.

“पिलं न्हाई. पण खोडलं बी न्हाई. खोडू नये, एवढंच आपल्याला पाहिजे होतं.”

“मला त्यानं प्यायलाही पाहिजे होतं, मामू.”

रिकामा पेला उपडा ठेवत मामू म्हणाले, “मग नोकरी सोडू नको. मी जाणार. तो पुन्हा येणार. त्याला पुन्हा तहान लागणार.”